चौतीसशेचा खड्डा

बाई गाडी घेऊन आल्या तेव्हा मी मेव्हण्यावर ओरडत होतो. दहाचा पाना सापडत नव्हता आणि तो शोधायला आम्ही दोघं शहाणे अर्धा तास गॅरेजभर वणवण करत होतो. शेवटी पाना माझ्याच खिशात निघाला. अशा वेळी माणसाला जो राग येतो तो समोर येईल त्याच्यावर निघतो, आणि समोर त्या आल्या.

"आज नवीन काम घेत नाही," मी म्हटलं.

"काम नवीन नाही. सहा वर्षांपूर्वीचं आहे. तुमचंच आहे म्हणा ना," बाई म्हणाल्या.

पस्तिशीच्या असतील. गळ्यात मोजायची फीत तशीच लटकत होती, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. शिवणकाम करता करता उठून आल्या होत्या. मागे दोन दारांची जुनी, राखाडी गाडी उभी. मी फणकाऱ्यानेच झाकण उघडलं आणि गप्प झालो. मी गप्प झालो की मेव्हणा हातातलं काम टाकून बघायला येतो, कारण तसं वर्षातून दोनदाच होतं.

एकाच इंजिनावर सुपरचार्जरही बसवला होता आणि टर्बोही.

हे काय प्रकरण असतं ते सांगतो, फार वेळ घेणार नाही. इंजिनाला जेवढी जास्त हवा, तेवढा जास्त जोर. ती हवा कोंबायची ही दोन यंत्रं. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. पहिल्या क्षणापासून फुंकतो, पण इंजिनाच्या जिवावर फुंकतो, त्याचीच ताकद खातो. टर्बो फिरतो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. तो फुकटात राबतो, पण उठतो उशिरा. म्हणून काही डोकेबाज लोक दोन्ही बसवतात. खाली खाली सुपरचार्जरने फुंकायचं, फेरे चढले की त्याचा क्लच सोडायचा आणि कारभार टर्बोच्या हाती द्यायचा. ऐकायला सोपं आहे. या देण्याघेण्यात भल्याभल्यांची इंजिनं फुटलेली मी पाहिली आहेत.

काम मात्र फार सुरेख केलेलं होतं. नळ्यांच्या पट्ट्यांचे सगळे स्क्रू एका दिशेला, एकही तार लोंबकळत नाही. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, प्लास्टिकमध्ये नीट बंद करून, एक चिठ्ठी चिकटवलेली: "मास्तर म्हणतात, एक पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला चालू करायचं नाही."

मास्तर म्हणजे मी. फार बोलतो, फार शिकवतो, म्हणून लोकांनी पाडलेलं नाव.

"दाजी, तुमचं सुविचार काढायचं दुकान कधी उघडलंत?" मेव्हणा म्हणाला.

मला आठवलं. कुणीतरी लिफ्ट दुरुस्त करणारा होता. आठवड्यातून तीनदा फोन करायचा, शंभर शंका. आम्ही त्याला लिफ्टवालाच म्हणायचो. एका आठवड्यात माझ्या हातून एका गिऱ्हाइकाचं इंजिन फुटलं होतं, दोन्ही यंत्रं एकाच वेळी फुंकल्यामुळे. मी पोळलेला होतो. त्यात याचा फोन आला आणि मी त्याला कटवायला जे तोंडात आलं ते सांगून टाकलं. पठ्ठ्याने ते लिहून ठेवलं. बायकोचंही कुणी इतकं ऐकत नाही.

"कुठे आहे तो? स्वतः का नाही आला?"

"घरी आहेत," बाई म्हणाल्या. "पाच महिने झाले. नसांचा आजार झाला. आधी पावलं बधिर झाली, मग गुडघे, मग वर वर चढत गेलं. आता गळ्यात नळी आहे, श्वास मशीन देतं. बोलता येत नाही. पाटीवरची अक्षरं मी बोटाने दाखवते, हवं ते आलं की ते पापणी मिटतात. परवा सबंध दुपार खर्चून एवढंच सांगितलं, गाडी मास्तरकडे ने."

आता यावर काय ओरडणार? गाडी आत घेतली.

रोलरवर चढवली, पट्टे आवळले, पुढे मोठा पंखा लावला. रोलर म्हणजे गाडी जागच्या जागी धावते आणि तिचा जोर पडद्यावर रेघेत उमटतो. मी आत बसलो, मेव्हणा पडद्यापाशी. दाबली. खालून सुपरचार्जरने असा काही उचलला गाडीला की मला हसू फुटलं. मिनिटाला तीन हजार फेरे, बत्तीसशे, आणि चौतीसशेला सगळं गेलं. आवाज गेला, जोर गेला. इंजिन फिरत होतं पण पोटात हवा नाही. मग टर्बो उठला आणि रेघ परत वर चढली.

"दीड सेकंदाचा खड्डा," मेव्हणा म्हणाला.

माझीच करणी होती. एक पूर्ण बंद, मगच दुसरा. त्या मधल्या वेळात फुंकायला कुणीच नाही. सहा वर्षं हा माणूस त्या खड्ड्यातून गाडी चालवत होता, कारण मास्तर म्हणतात. मी आणखी दोनदा चालवून पाहिली. तिन्ही वेळा चौतीसशेलाच, तेवढाच.

बाहेर आलो तर बाईंनी विचारलं, "तिन्ही वेळांची घड्याळातली वेळ मिळेल? मिनिट-सेकंदासकट?"

"कशाला? मुहूर्त काढायचाय का?" मी म्हणालो. मेव्हण्याने मुकाट्याने कागद छापून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच त्या पायरीवर बसलेल्या होत्या. मांडीवर मापं लिहायची वही. तिच्यात माझा छापील कागद, आणि शेजारी त्यांच्या अक्षरात पुन्हा त्याच तीन वेळा, सेकंदासकट. त्या तिन्ही वेळांना घरचं श्वासाचं मशीन दीड सेकंद बंद पडलं होतं. मशीन आपल्या चुका आपणच लिहून ठेवतं म्हणे. पाच महिन्यांत ते एकदाही बंद पडलं नव्हतं.

"घड्याळं पुढेमागे असतात, बाई."

"माझ्या नणंदेने मला फोन केला तेव्हा तुम्ही तिसऱ्यांदा आत बसला होतात. मी तुमच्या खिडकीशी उभी होते. तुमच्या गाडीचा आवाज गेला आणि फोनवर मशीनची घंटी वाजली."

मी चिडलो. खरं सांगतो, घाबरलं की मला चिडायची सवय आहे. म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावू. मेव्हण्याला बाजूला घेतलं आणि बजावलं, "मी त्यांच्या घरी जातो. दुपारी अडीच ते साडेतीनच्या मध्ये तुला वाटेल तेव्हा गाडी एकदाच चालव. कधी ते मला सांगू नकोस. मी फोन केला तरी सांगू नकोस." यात लबाडीला कुठे जागा आहे, सांगा.

त्यांचं घर गॅरेजपासून चार-पाच किलोमीटर. बाहेरच्या खोलीतच सगळं होतं. कापड बेतायचं लांब टेबल भिंतीला सरकवलेलं, शिवणयंत्रावर अर्धा कोट, आणि मधोमध खाट. खाटेशेजारी स्टुलावर ते मशीन. फुस्स करून हवा ढकलायचं, टक् करून थांबायचं. लिफ्टवाल्याची थोरली बहीण, म्हणजे बाईंची नणंद, पायाशी बसून त्याच्या टाचा चोळत होती. "या मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या नावाने कान किटलेत आमचे."

लिफ्टवाला हाडं आणि कातडी उरला होता. पण डोळे जिवंत. मी आलो तसे माझ्यावर खिळले.

"काय राव, ओळखलं का?" मी उगाच मोठ्या आवाजात म्हटलं. त्याने पापणी मिटली.

मी बसलो. फुस्स, टक्. फुस्स, टक्. ऐकता ऐकता लक्षात आलं, तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पट्ट्यावरचा सुपरचार्जर रिकामा फिरताना पंख्याआड असाच हुंकारतो. मी स्वतःला शिव्या घातल्या. पावणेतीन झाले. तीन झाले. बहिणीने चहा आणून दिला, तो गार झाला.

तीन वाजून सात मिनिटांनी मशीन फुस्स म्हणता म्हणता मध्येच थांबलं. छाती अर्धी वर आलेली, तिथेच थांबली. कुठलाही आवाज नाही, ना मशीनचा, ना त्याचा. बाईंनी माझा दंड धरला. मग घंटी वाजली आणि मशीन पुन्हा चालू झालं.

मी फोन लावला. मेव्हणा म्हणाला, "सांगू नको म्हणालात ना?"

"सांग रे!"

"आत्ता चालवली. तीन-सात."

"गाडी बंद कर. चावी काढ. तिला हात लावलास तर तंगडं मोडीन."

खाटेपाशी पाटीवर बोटाची टकटक झाली. बहीण पाटी घेऊन वाकली होती, अक्षरांवरून बोट नेत होती. लिफ्टवाल्याने दोनदा पापणी मिटली आणि बहीण गोंधळून म्हणाली, "दीड म्हणतोय. दीड काय?"

तो मोजत होता. श्वास कोंडलेला असताना त्याने तो खड्डा मोजला होता, रोलरसमोर उभं राहून मोजावा तसा. आणि त्याच्या डोळ्यांत भीती बिलकुल नव्हती, तो माझ्याकडे असा बघत होता की काय मास्तर, पटलं का आता.

बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी घरी येऊन तीनदा मशीन काढून पाहिलं होतं. त्याच्या छातीत आता जोर परत आला आहे, तो स्वतः श्वास घेऊ शकतो, असं तेच म्हणतात. पण मशीन काढणं आणि त्याचा स्वतःचा श्वास सुरू होणं, या दोन्हींच्या मध्ये तो अडकायचा. मशीन नाही आणि आपलाही नाही. मग तडफड, मग पुन्हा मशीन. "गुरुवारी अकराला चौथ्यांदा काढणार आहेत. छातीत दोनदा जंतू होऊन गेले, मास्तर. तिसऱ्यांदा झाले तर हे वाचत नाहीत असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. गुरुवारी सुटले तर सुटले." त्यांनी डोळे पुसले. "तो खड्डा भरा. मला कसं, काय, काही विचारू नका. मलाच कळत नाही. पण भरा."

"आणि डॉक्टरांना काय सांगणार?"

"वेड्यांच्या इस्पितळात जायचं नाहीये मला."

दोन दिवस होते. आता माझी अडचण बघा. गाडीचं काम असं होतं की थोडं बदलायचं, चालवून बघायचं, पुन्हा बदलायचं. वीस-वीस, तीस-तीस वेळा. इथे एकदा चालवायची म्हणजे त्या माणसाचा गळा दीड सेकंद दाबायचा. आणि मी उलटी चूक केली, दोन्हींची हवा एकदम कोंबली, तर इंजिन फुटतं. इंजिन फुटलं तर त्याच्या छातीत काय होईल? म्हणजे एकदाही न चालवता, कागदावर सगळं बसवायचं, आणि गुरुवारी एकदाच दाबायची. मी तीस वर्षांत असलं काम केलं नव्हतं आणि करणाऱ्यांना मूर्ख म्हणत आलो होतो.

बुधवारी संध्याकाळपर्यंत मी चौदा कागद फाडले. बाई सबंध दिवस गॅरेजमध्येच होत्या, खुर्चीवर बसून हाताने काज करत. मी कागद फेकला की उचलून नीट घडी घालत. शेवटी मला राहवलं नाही.

"दोघांच्यात जागा ठेवली तर खड्डा, दोघांना एकत्र आणलं तर स्फोट. सांगा आता मी काय करू? माझं डोकं आपटू?"

"तुम्ही कडेला कड लावून शिवताय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ते पहिल्याच ओढीला उसवणार. कापडावर कापड बोटभर यायलाच हवं. शिवणीला तेवढी जास्तीची माया सोडायला नको?"

"अहो, पण बोटभर जास्त झालं की दाब दुप्पट होतो!"

"जास्तीचं आम्ही कापून टाकत नाही, मुरवतो. बाही खांद्याला जोडताना बाहीचं कापड नेहमी जास्त असतं. थोडं थोडं सैल करत सुईखाली सोडायचं. बाहेरून कुणाला कळतही नाही."

मेव्हणा माझ्याकडे बघायला लागला. मी त्यांच्या हातातलं कापड ओढून घेतलं आणि त्या कशा सोडतात ते तीनदा करून दाखवायला लावलं. सुपरचार्जर एका झटक्यात सोडायचाच नाही. बत्तीसशेपासून एक झडप हळूहळू उघडायची, त्याची जास्तीची हवा बाहेर मुरवायची, तोवर टर्बो उठून बसतो, आणि अडतीसशेला क्लच सोडायचा, जेव्हा तो सोडल्याचं कुणाला कळणारही नाही. मी कागद ओढला. मध्ये बाई कधी घरी गेल्या ते कळलं नाही.

गुरुवारी त्या साडेदहाला आल्या. मी म्हटलं, "तुम्ही तिकडे नको का, वहिनी?" बाईवरून वहिनीवर मी कधी आलो कोण जाणे.

"तिकडे ताई आहेत, डॉक्टर आहेत. इथे आमचं कोण आहे?" असं म्हणून त्यांनी फोन गाडीच्या उघड्या खिडकीत टेकवून ठेवला. फोनवर नणंद होती आणि तिच्या मागे ते फुस्स, टक्.

अकरा वाजले. "नळी काढतायत," नणंद म्हणाली.

मी दाबली. दोन हजार. अडीच. माझी पावलं घामाने बुटात सरकत होती. तीन हजार. बत्तीसशेला झडप उघडल्याची सूक्ष्म शीळ ऐकू आली. तेहतीसशे. चौतीसशे कधी गेलं मला कळलंच नाही. रेघ वाकलीसुद्धा नाही. अडतीसशेला क्लच सुटला असणार, चार हजारला टर्बो एकटा खेचत होता आणि फोनवरून नणंद ओरडत होती, "घेतला गं! स्वतः घेतला! डॉक्टर म्हणतात, बघा, बघा, स्वतः घेतोय!"

वहिनी मटकन खाली बसल्या. मेव्हणा टाळ्या पिटत नाचायला लागला. मीही हसत होतो, आणि हसता हसता थांबलो.

पाय काढायचा कसा?

दर वेळी मी पाय काढला की फेरे खाली येत आणि कारभार पुन्हा सुपरचार्जरकडे जात असे. म्हणजे मशीनकडे. पण मशीन आता काढलेलं होतं. मागून डॉक्टरांचा आवाज येत होता, हे खोलीच्या बाहेर न्या, आता याची गरज नाही. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. त्या उठून खिडकीला चिकटल्या. "पाय काढू नका," त्या म्हणाल्या. "मास्तर, तुमच्या पाया पडते."

मी बेचाळीसशेवर धरून बसलो. एक मिनिट. दोन. रोलरवर पंखा कितीही मोठा असला तरी गाडी अशी धरून ठेवता येत नाही. पाण्याचा काटा चढायला लागला. नळ्यांचा करपट वास आला. फोनवर नणंदेचा सूर बदलला. "अंग तापलंय त्याचं. डॉक्टर, बघा हो, एकदम कसं तापलं? भाजतंय हाताला." काटा लाल पट्टीला लागला. धरली तर हा जाणार, सोडली तर हा जाणार. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणावर ओरडावं ते सुचेना.

मग फोनवर खरखर झाली. बोलता यावं म्हणून कुणीतरी त्याच्या गळ्याच्या भोकावर बोट ठेवलं असावं. पाच महिने न वापरलेला, घोगरा, हवेने भरलेला आवाज आला.

"मास्तर. हळू सोडा."

वहिनींनी तोंडावर हात दाबला. मी हळू सोडणारा माणूस नाही. मी काहीच हळू करत नाही. पण त्या दिवशी मी पाय असा सोडला की मला स्वतःला हलल्याचं कळत नव्हतं. एकेचाळीस. चाळीस. फोनवर तो श्वास घेत होता आणि सोडत होता, मोठ्याने, मला ऐकू यावा म्हणून. अडतीस. छत्तीस. चौतीस. श्वास आत गेला. थांबला. बाहेर आला. तेहतीस. तीस. गाडी खाली आली, मी चावी फिरवली आणि इंजिन बंद झालं. फोनवरचा श्वास चालूच होता.

नणंद रडत होती, डॉक्टर हसत होते, ताप उतरत होता. मी दार उघडून बाहेर आलो तर मेव्हणा झाकणापाशी थिजून उभा.

"दाजी, इंजिन बंद आहे ना?"

"मग? चावी माझ्या हातात आहे."

त्याने वहिनींच्या बाहीवरचा एक दोरा उचलला आणि हवा आत घ्यायच्या तोंडाशी धरला. दोरा आत ओढला गेला. मग बाहेर आला. आत, बाहेर. फोनवर ऐकू येत होतं त्याच चालीत. आतमध्ये धूर नाही, पट्टा नाही, कुणी फिरवत नाही, आणि टर्बोचं चाक अगदी सावकाश, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वळत होतं.

वहिनींनी फोन उचलला आणि त्या घरी निघून गेल्या.

गाडी चार महिने माझ्याकडेच राहिली. मी ती मागच्या कोपऱ्यात ढकलून नेली, सुरू करून नाही. तिच्यावर कुणाला काही ठेवू दिलं नाही. त्या कोपऱ्यात मी आवाज चढवत नसे, आणि मेव्हणा त्यावरून मला चिडवत नसे, यावरून काय ते समजा. रोज सकाळी दोरा धरून बघायचो. एका आठवड्यात दोरा मध्येच हिसके द्यायला लागला तेव्हा मी हातातलं काम टाकलं. फोन केला तर म्हणाले, काही नाही, सर्दी झाली आहे. रात्री झोपेतून उठून मला एकच विचार यायचा. मी म्हातारा होत चाललोय. उद्या मी नसलो, आणि कुणी हिला भंगारात काढली तर?

मग एका सकाळी तो स्वतः आला. काठी घेऊन, एकेक पाऊल मोजत, मागे वहिनी. गळ्यावर जखमेची चकती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, झाकण उघडलं, आपली ती जुनी चिठ्ठी वाचली, हसला आणि हात पुढे केला.

"चावी द्या, मास्तर."

"देत नाही," मी म्हटलं. "डोकं फिरलंय का तुझं? तुला माहीत आहे ना आत काय चाललंय?"

"मलाच माहीत असणार ना."

"मग? रस्त्यात काही झालं म्हणजे? कुणी ठोकली म्हणजे? राहू दे इथेच. मी सांभाळतो. काचेत ठेवल्यासारखी सांभाळतो."

"चार महिने सांभाळलीत, उपकार झाले," तो म्हणाला. दोन वाक्यांच्या मध्ये त्याला अजून थांबावं लागायचं. "पण मास्तर, माझा श्वास तुमच्या गॅरेजमध्ये ठेवून मी घरी काय करू? दिवसभर खुर्चीत बसून तो इथे चालू आहे की नाही याचाच विचार करतो. याला जगणं म्हणतात होय? ती माझी आहे. चालवायचीही मीच."

मी वहिनींकडे पाहिलं. म्हटलं, या तरी अडवतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनीच माझ्या हातातून चावी काढून घेतली आणि त्याला दिली.

गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. त्याने काठी शेजारच्या सीटवर ठेवली, वहिनींना बस म्हणाला नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. फाटकातून वळून तो रस्त्याला लागला. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. तो दाबत गेला, तीन हजार, चौतीसशे, सलग, कुठेही न अडखळता, आणि चढाच्या पलीकडे उतरला. मग गाडी दिसेनाशी झाली, नुसता आवाज राहिला. तोही बारीक होत गेला. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचे कान तयार आहेत, मास्तर. येतोय ना अजून?"

मला काही ऐकू येत नव्हतं.

"येतोय," मी म्हटलं.